बेडकाचं विच्छेदन: कात्री कुठे थांबवायची आणि आत काय बघायचं

भारतातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आता बेडूक ट्रेवर येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्रातलं विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ साली पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही पातळ्यांवर ते पूर्ण थांबवलं. अकरावीच्या पुस्तकात मात्र बेडूक ठाण मांडून बसलाय. त्याचं हृदय, वृक्क (मूत्रपिंड), मेंदू, प्रजननसंस्था यांवर प्रश्न येतात आणि आकृत्या काढाव्या लागतात. तिकडे अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत सातवी ते दहावीच्या दरम्यान मुलांसमोर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेला बेडूक येतो, आणि त्या वर्गांत मराठी घरांतली मुलंही असतात. इथल्या मुलाला आकृती पाठ असते, पण कुठला अवयव कशाच्या खाली दडलाय ते ठाऊक नसतं. तिथल्या मुलीच्या हातात बेडूक असतो, पण आधी काय शोधायचं ते तिला माहीत नसतं. या लेखात दोघांच्या अडचणींचा विचार केला आहे. पद्धत सांगताना अमेरिकी शाळेतला जतन केलेला बेडूक धरला आहे, आणि आपल्याकडे पूर्वी ताज्या बेडकावर जे वेगळं घडायचं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

बेडूक कुठला आणि कसा

अमेरिकेत मुख्यतः दोन जाती मिळतात: अंगावर गडद ठिपके असलेला लेपर्ड फ्रॉग आणि त्याहून बराच मोठा बुलफ्रॉग. आपल्याकडे जो वापरला जायचा तो पावसाळ्यात शेतात डराव डराव करणारा मोठा बेडूक. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव राना टायग्रिना असं आहे, आता त्याला होप्लोबॅट्राकस टायगरिनस म्हणतात. पूर्ण वाढलेला हा बेडूक १५-१६ सेंटिमीटरपर्यंत जातो, त्यामुळे अवयव सुटे करायला सोपा. लेपर्ड फ्रॉग त्याच्या निम्म्याच्या आसपास. आतली रचना दोघांची जवळजवळ सारखीच, म्हणून एकावर शिकलेलं दुसऱ्यावर चालतं.

जतन केलेला बेडूक फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेला असतो. फॉर्मॅलिनने पेशींतली प्रथिनं एकमेकांत अडकून घट्ट होतात. त्यामुळे प्राणी कुजत नाही, पण रंगही उडतो. पुस्तकातलं लालभडक यकृत प्रत्यक्षात करड्या-तपकिरी रंगाचं निघतं आणि मुलं गोंधळतात. काही बेडकांच्या धमन्यांत लाल आणि शिरांत निळं रबरी लॅटेक्स भरलेलं असतं. ते असेल तर रक्तवाहिन्यांचं काम निम्मं सोपं होतं. मात्र हा रंग नळीचं नाव सांगतो, आतलं रक्त शुद्ध की अशुद्ध ते सांगत नाही. फुफ्फुसाकडे जाणारी धमनीसुद्धा लालच दिसेल. एकूणच अवयव जागेवरून ओळखावा. रंगावर विसंबणारा पहिल्या दहा मिनिटांतच फसतो.

पिशवी उघडली की बेडूक वाहत्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटं नीट धुवायचा, तोंड उघडून आतूनही. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर गॉगल, खिडक्या उघड्या. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या दिवशी चष्मा लावावा. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. आता बरेच पुरवठादार प्राणी फॉर्मॅलिनमधून काढून सौम्य द्रवात ठेवतात, तरी थोडं फॉर्मल्डिहाइड उरतंच. वास डोळ्यांत झोंबत असेल तर बेडूक पुरेसा धुतलेला नाही असं समजावं.

हत्यारं थोडीच लागतात. एक टोक बोथट असलेली छोटी कात्री, एक बोथट आणि एक बारीक टोकाचा चिमटा, बोथट सुई म्हणजे सीकर, टाचण्या, ड्रॉपर, भिंग. संचात स्कॅल्पेल असतं आणि मुलांचा हात आधी त्याच्याकडेच जातो. ते बाजूला ठेवावं. स्कॅल्पेलचं पातं किती खोल गेलं ते वरून दिसत नाही. कात्रीचं खालचं पातं आपण स्वतः आत सरकवतो, त्यामुळे खोली हातात राहते. अनुभवी माणसाचं विच्छेदन बघितलं तर कात्री थोडाच वेळ चालते. उरलेला सगळा वेळ चिमटा आणि सुईने पडदे सोडवण्यात जातो.

कापण्याआधी

बेडूक पाठीवर ठेवला की त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. जर्नलमधल्या आणि परीक्षेतल्या चुकांपैकी मोठा वाटा या एकाच गोष्टीचा. ट्रेच्या दोन कडांना ‘बेडकाची उजवी’ आणि ‘बेडकाची डावी’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या तर प्रश्न मिटतो. या लेखात जिथे डावं-उजवं म्हटलंय ते बेडकाचं.

बाहेरून बघण्यासारखं बरंच असतं, पण त्यात फार रेंगाळायचं कारण नाही. मान नाही. डोळ्याला पारदर्शक तिसरी पापणी आहे. डोळ्यामागे गोल कर्णपटल उघड्यावरच आहे, बाहेरचा कान नाही. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मागच्या बोटांमध्ये पडदा. नर की मादी हे बाहेरून ओळखता येतं: नराच्या पुढच्या पायाच्या आतल्या बोटावर विणीच्या हंगामात जाड गादी येते, आणि बुलफ्रॉगच्या नराचं कर्णपटल डोळ्याहून ठळकपणे मोठं असतं. मादीत ते साधारण डोळ्याएवढंच.

तोंडाला मात्र वेळ द्यावा. जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर कात्रीने छोटे छेद द्यावेत, म्हणजे तोंड पूर्ण उघडतं. नुसतं ताणून उघडायला गेलं तर जबडा तुटतो. जीभ पुढच्या टोकाला जोडलेली आणि मागे मोकळी, टोकाशी दुभागलेली. माणसाच्या अगदी उलट. म्हणूनच ती बाहेर फेकता येते. वरच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवलं की बारीक दातांची खरखर जाणवते. खालच्या जबड्याला दात नाहीत. टाळूच्या पुढच्या भागात आणखी दोन छोटे दातेरी पुंजके असतात. हे दात चावायला नाहीत, भक्ष्य निसटू नये म्हणून आहेत.

टाळूवर दोन मोठे फुगवटे दिसतात. ते डोळ्यांचे गोळे. बेडूक गिळताना डोळे मिटून आत ओढतो आणि त्यांनी घास मागे ढकलायला मदत होते. जबड्याच्या कोपऱ्याजवळची दोन छिद्रं कानाकडे जाणाऱ्या नळ्यांची. सुई हलकेच आत सरकवली तर ती कर्णपटलाच्या आतल्या बाजूला टेकते आणि पटल बाहेरून हललेलं दिसतं. जिभेमागे तळाशी एक उभी फट आहे, ती श्वासाची वाट. तिच्या मागचं रुंद तोंड अन्ननलिकेचं. ही दोन भोकं नीट वेगळी ओळखा, कारण पुढे फुफ्फुस फुगवून बघायचं असेल तर ड्रॉपर फटीत घालायचा असतो. अन्ननलिकेत घातला तर जठर फुगतं आणि ‘बेडकाचं फुफ्फुस केवढं मोठं’ असा निष्कर्ष वहीत जातो. तोंडाने फुंकू नये, ड्रॉपरचा रबरी फुगाच दाबावा.

कातडी, मग स्नायू

चारही पायांना टाचण्या लावायच्या, टाचणीचं डोकं बाहेरच्या बाजूला सुमारे ४५ अंश कलतं ठेवून. सरळ उभ्या टाचण्या दर मिनिटाला हाताला लागतात.

मागच्या पायांच्या मधल्या जागेच्या किंचित वर कातडी चिमट्याने उचलायची आणि छोटा काप द्यायचा. कात्रीचं बोथट टोक त्यात सरकवून हनुवटीपर्यंत मध्यरेषेवर कापत जायचं. मग हातांच्या आणि पायांच्या पातळीवर आडवे छेद. कातडी इतकी सहज सुटते की पहिल्यांदा करणाऱ्याला नवल वाटतं. कारण बेडकाच्या कातडीखाली लसीका या पातळ द्रवाच्या मोठमोठ्या पोकळ्या असतात आणि कातडी स्नायूंना फक्त त्या पोकळ्यांमधल्या भिंतींपाशीच चिकटलेली असते. अडकलं तिथे ओढू नका, ती भिंत सुईने सोडवा.

कातडीचे पदर उलटून टाचले की आतल्या बाजूने बघा. रक्तवाहिन्यांचं दाट जाळं दिसेल. बेडूक कातडीतून श्वास घेतो हे पुस्तकातलं वाक्य इथे डोळ्यांना दिसतं, आणि हृदयाकडे गेल्यावर या जाळ्याची पुन्हा आठवण ठेवावी लागेल.

आता सगळ्यात जास्त बेडूक बिघडतात ती जागा. पोटाच्या स्नायूंवर मधोमध एक पांढरी रेघ असते आणि तिच्या आतल्या बाजूला चिकटून एक शीर उभी जाते, उदर-शीर. वरून ती गडद रेषेसारखी जाणवते. कातडी मध्यरेषेवर कापली तशीच स्नायूंची भिंतही कापली की ती शीर उभी चिरली जाते. ताज्या बेडकात पोटभर रक्त पसरायचं आणि पुढचं काहीच दिसायचं नाही. जतन केलेल्यात गोठलेल्या रक्ताचे कण किंवा निळ्या लॅटेक्सचे तुकडे सगळीकडे पसरतात. म्हणून स्नायूंचा छेद मध्यरेषेपासून ३ ते ५ मिलिमीटर बाजूला घ्यायचा. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत शिरेच्या दोन्ही बाजूंनी कापून स्नायूची पट्टी तशीच ठेवायचे, शिरेला दोन ठिकाणी दोऱ्याच्या गाठी मारायचे आणि मग गाठींच्या मधे कापायचे. ही शीर मागच्या पायांचं आणि मूत्राशयाचं रक्त थेट यकृतात नेते. तेव्हा ती नुसती चुकवू नका, वर यकृतापर्यंत तिचा माग काढा.

स्नायू कापताना कात्रीचं टोक सतत वर, छताकडे. खाली वळलं की यकृत किंवा आतडं कापलं जातं.

छातीशी आल्यावर कात्री अडते, कारण तिथे खांद्याची हाडं एकमेकांना जोडलेली असतात. बेडकाला बरगड्या नाहीत, छातीचं संरक्षण या हाडांवरच. मध्यभागापासून दोन्ही बाजूंना साधारण एक सेंटिमीटर अंतरावर जाड कात्रीने हाडं कापायची. मधला तुकडा चिमट्याने वर उचलून त्याच्या खालचा पडदा सुईने सोडवत काढायचा. हृदय याला जवळजवळ टेकलेलं असतं. तुकडा हिसकून काढला तर त्याबरोबर हृदयावरचं आवरण आणि पुढच्या मोठ्या धमन्या निघून येतात.

पोटात शिरल्यावर

उघडल्याबरोबर काय दिसेल ते नर-मादीवर अवलंबून. विणीआधीची मादी असेल तर काळ्या-पांढऱ्या अंड्यांनी पोट इतकं भरलेलं असतं की बाकी काहीच दिसत नाही. मोठ्या जातीची मादी एका वेळी अडीच-तीन हजार अंडी देते, ती सगळी इथेच असतात. आधी एका बाजूचा अंडाशय कडेने सोडवून बाहेर काढा, दुसरा जागेवर ठेवा. बाजूच्या पांढऱ्या, नागमोडी, जाड नळ्या आतड्याच्या नाहीत, त्या अंडवाहिन्या. ताज्या मादीत त्यांना पाणी लागलं की आतला चिकट पदार्थ फुगायचा आणि ट्रे गिळगिळीत व्हायचा. अंड्यांभोवतीचं जेलीचं आवरण याच पदार्थाचं.

एक खुणेची गोष्ट: अंडाशय आणि अंडवाहिनी एकमेकांना जोडलेले नसतात. अंडी पोटाच्या पोकळीत सुटतात आणि अंडवाहिनीच्या वरच्या, फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या नरसाळ्यातून आत जातात. आकृतीत या दोघांना रेघेने जोडलं की गुण गेले.

सर्वांत मोठा अवयव यकृत, तीन खंडांचं. खंड उचलून पाहिले की मधे हिरवट पित्ताशय सापडतं. ते फुटलं तर आजूबाजूला हिरवा डाग पडतो, बाकी नुकसान नाही. डाव्या बाजूला यकृताखाली बाकदार जठर. ते जिथे आवळून संपतं तिथून लहान आतडं सुरू होतं आणि जठराला समांतर वर वळतं. त्या वळणाच्या कुशीत स्वादुपिंड असतं, फिकट आणि अनियमित पट्टीसारखं. बहुतेकांना ते सापडत नाही, कारण ते आंत्रपटलाचा (आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्याचा) किंवा चरबीचा तुकडा समजून काढून टाकलं जातं. पित्ताची नळी त्याच्यातूनच जाते. प्लीहा त्या मानाने सोपी: आंत्रपटलात अडकलेली गडद लाल, वाटाण्याएवढी गोळी. हिला वृषण समजू नका. वृषणं दोन असतात, पिवळसर असतात आणि वृक्कांना चिकटलेली असतात.

पिवळ्या बोटांसारख्या झुबक्यांबद्दल प्रत्येक वर्गात विचारणा होते. ते मेदपिंड, म्हणजे थंडीतल्या झोपेसाठी आणि विणीसाठी साठवलेली चरबी. हंगामानुसार ते भरगच्च किंवा जवळजवळ नाहीसे असतात, त्यामुळे शेजारच्या ट्रेमधल्या बेडकात आहेत आणि आपल्यात नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही.

आंत्रपटल हा पारदर्शक पडदा आतड्याची वेटोळी धरून ठेवतो. जागेवरची आकृती पूर्ण होईपर्यंत तो कापू नये. एकदा कापला की आतडं सुटतं आणि परत जागेवर बसत नाही. आकृती झाल्यावर मात्र तो कडेने कापून आतडं सरळ करा आणि पट्टीने मोजा. मांसाहारी बेडकाचं आतडं शरीराच्या मानाने आखूड असतं, तर शेवाळ खाणाऱ्या त्याच्याच डिंभाचं (पाण्यातल्या पिल्लाचं) लांबलचक. रूपांतराच्या काळात ते आखडतं. जठरही उभं चिरून पाहावं. आतल्या उभ्या घड्या दिसतात आणि नशीब असेल तर किड्याचे पाय, पंख सापडतात.

फुफ्फुसं बघून बहुतेकांची निराशा होते. हृदयाच्या दोन्ही बाजूंना, यकृताच्या आड, दोन आक्रसलेल्या लहान पिशव्या. बेडकाला बरगड्याही नाहीत आणि श्वासपटलही (छाती आणि पोटामधला पडदा) नाही, म्हणून तो छाती फुगवून हवा ओढू शकत नाही. तोंडाचा तळ खाली-वर करून तो हवा आत ढकलतो. फुफ्फुसाच्या भिंतीतलं जाळं भिंगाखाली पाहण्यासारखं असतं. १६६१ साली मार्चेल्लो मालपिगी यांना धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या पहिल्यांदा दिसल्या त्या बेडकाच्या फुफ्फुसातच.

हृदय: इथे घाई करू नये

हृदयावर पातळ आवरण असतं. बारीक चिमट्याने चिमूट धरून ते फाडायचं, कात्री लागत नाही. समोरून तीन गोष्टी दिसतात. खाली शंकूच्या आकाराचा एकच निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा), जाड आणि फिकट. त्याच्या वर दोन पातळ, गडद अलिंदं (रक्त आत घेणारे कप्पे), त्यातलं उजवं मोठं. निलयाच्या उजव्या बाजूकडून निघून तिरकी वर जाणारी जाड नळी ही धमनीकांड. ती पुढे दोन शाखांत आणि प्रत्येक शाखा तीन कमानींत फुटते. पहिली डोक्याकडे, दुसरी शरीराकडे, तिसरी फुफ्फुस आणि कातडीकडे. शरीराकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या कमानी मागे वळून पाठीच्या बाजूला एकत्र येतात आणि महाधमनी बनते. माणसात यातली फक्त डावी उरते.

चौथी गोष्ट समोरून दिसत नाही, आणि म्हणूनच राहून जाते. निलयाचं टोक सुईने अलगद वर, डोक्याकडे उचला. मागे त्रिकोणी, पातळ भिंतीची शिरा-कोटर नावाची पिशवी दिसेल. तीन महाशिरा तिच्यात येतात, दोन वरून आणि एक खालून, आणि मग तिच्यातलं रक्त उजव्या अलिंदात जातं. ठोक्याची सुरुवातही इथूनच होते. पूर्वी ताज्या बेडकात शरीराची हालचाल थांबल्यावरही हृदय बराच वेळ धडधडत राहिलेलं मुलांना दिसायचं. या हृदयाला ठोक्यासाठी मेंदूच्या हुकमाची गरज नसते. मज्जातंतू फक्त वेग कमी-जास्त करतात. ते हे काम रासायनिक पदार्थ सोडून करतात हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्याच हृदयावर दाखवलं, आणि १९३६ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

आता तो नेहमीचा प्रश्न. निलय एकच, मग शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळत नाही का? मिसळतं, पण पूर्ण नाही. निलयाच्या आतल्या भिंतीला खोल खाचा आणि मांसल दोर आहेत. दोन अलिंदांतून आलेलं रक्त त्यांत काही प्रमाणात वेगळं राहतं आणि धमनीकांडातली मळसूत्री झडप ते वळवायला मदत करते. निलय आडवा कापून भिंगाखाली धरला तर या खाचा दिसतात.

याहून मोठी गंमत उजव्या अलिंदात आहे. ‘उजवीकडे अशुद्ध, डावीकडे शुद्ध’ हे माणसाचं सूत्र मुलं इथे लावतात. पण कातडीत ऑक्सिजन घेतलेलं रक्त डाव्या अलिंदात येतच नाही. ते वरच्या महाशिरांतून शिरा-कोटरात आणि तिथून उजव्या अलिंदात येतं. डाव्यात फक्त फुफ्फुसाचं. बेडूक पाण्याखाली असतो तेव्हा फुफ्फुसातून नवा ऑक्सिजन मिळत नाही, कातडीतून मिळतो. त्या वेळी उजव्या अलिंदातलं रक्तच ऑक्सिजनने सरस असू शकतं. अशा प्राण्याला निलयात पक्की भिंत असती तर कातडीचं चांगलं रक्त पुन्हा फुफ्फुस आणि कातडीकडेच गेलं असतं. एक निलय म्हणजे अर्धवट राहिलेलं हृदय, असं वर्गात कुणी सांगितलं तर हे उत्तर द्यावं.

मागची भिंत, नसा, मेंदू

आतडं बाजूला केलं की पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना लांबट, चपटी, गडद वृक्कं दिसतात. ती पडद्याच्या मागे असतात, त्यामुळे तो पडदा सोडवल्याशिवाय उचलता येत नाहीत. वृक्काच्या पोटाकडच्या बाजूवरचा पिवळा-नारिंगी पट्टा म्हणजे अधिवृक्क ग्रंथी. नरात वृषणातून दहा-बारा सूक्ष्म नळ्या थेट वृक्कात शिरतात. शुक्रपेशी आणि मूत्र एकाच नळीने अवस्करात (मल, मूत्र आणि प्रजननाच्या सामाईक पोकळीत) जातात. मादीत मूत्राची आणि अंड्यांची वाट वेगळी. लेपर्ड फ्रॉगच्या नरात कधी कधी बारीक, निरुपयोगी अंडवाहिन्याही असतात. वृषणं आणि ‘अंडवाहिनी’ दोन्ही दिसली म्हणून उभयलिंगी बेडूक सापडला असं समजू नये. मूत्राशय दुभागलेला आणि इतका पातळ की रिकामा असला तर फाटक्या पडद्यासारखा वाटतो. मोठं आतडं काढताना तोच सगळ्यात आधी जातो.

मांडीच्या मागच्या बाजूला दोन स्नायू सुईने वेगळे केले की पांढरा, चमकदार दोरा दिसतो. हा मांडीचा मोठा मज्जातंतू. बेडकाच्या पायांच्या आचक्यांवरचं लुइजी गॅल्व्हानी यांचं १७९१ सालचं प्रसिद्ध लेखन याच तंतूवरच्या प्रयोगांचं.

मेंदू जतन केलेल्या बेडकात जास्त चांगला निघतो, कारण फॉर्मॅलिनने तो घट्ट झालेला असतो. कवटीचं छत मागून पुढे, कात्रीच्या टोकाने बारीक कपच्या काढत उघडायचं. अनुमस्तिष्क, म्हणजे मागचा छोटा मेंदू, ही आडवी पातळ पट्टी एवढंच असतं. ते सापडलं नाही तर बहुधा कपचीबरोबर निघून गेलेलं असतं.

काम दोन तासिकांत विभागलं असेल तर बेडूक ओल्या टिश्यूत गुंडाळून बंद पिशवीत ठेवावा. उघड्यावर तो लवकर सुकतो, आणि सुकलेलं आंत्रपटल पुन्हा सुटत नाही. उरलेले अवशेष घरच्या कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकू नयेत, शाळेने दिलेल्या डब्यातच टाकावेत.

करायचं नसेल, किंवा करता येत नसेल

अमेरिकेत नाही म्हणता येतं. कॅलिफोर्नियातल्या जेनिफर ग्रॅहम या विद्यार्थिनीने १९८७ साली बेडूक कापायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९८८ साली त्या राज्यात पर्यायी काम मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला. पुढे इतर अनेक राज्यांनी तशी सोय केली. आपल्या राज्यातला नियम बघून शिक्षकांना आधीच चिठ्ठी द्यावी. बेडूक ट्रेवर आल्यावर सांगितलं तर पर्यायाची तयारी करायला त्यांना वेळ मिळत नाही.

भारतात प्रकल्पासाठी शेतातून बेडूक पकडून आणणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बेडकाला संरक्षण आहे, आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ पासून बंद आहे. तरी गोव्यात पावसाळा आला की ‘जंपिंग चिकन’च्या नावाखाली हेच बेडूक चोरून पकडले जातात. प्रयोगशाळांचा वापर थांबला म्हणून या जातीमागचा त्रास संपला, असं नाही. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यातही पुस्तकं, नमुने, फिल्म यांनी काम भागत असेल तर प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत असं म्हटलेलं आहे.

शाळेच्या वयात अवयवांची नावं आणि जागा शिकायला चांगला त्रिमितीय सिम्युलेशन पुरतो, असं आमचं मत. त्यात पडद्यांची ताकद आणि नळीचा नाजूकपणा हाताला कळत नाही, पण तो अनुभव पुढे शल्यविशारद किंवा संशोधक होणाऱ्यांच्या कामाचा. ॲप किंवा प्लॅस्टिकचा नमुना निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात: हृदय मागून बघता येतं का आणि तिथे शिरा-कोटर आहे का, अंडाशय आणि अंडवाहिनी सुटे दाखवलेत का, आणि यकृत उचलल्यावर पित्ताशय दिसतं का. तिन्ही नसतील तर तो नमुना पुस्तकातल्या चित्रापेक्षा जास्त काही शिकवणार नाही.

खरं हृदय हातात घेऊन बघायचं असेल तर मटणवाल्याकडून बोकडाचं अख्खं हृदय आणावं. धमन्यांचे बुडखे ठेवूनच द्या म्हणून सांगावं, एरवी ते साफ करून देतात. घरी मोठ्यांनी टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर आडवं कापून द्यावं. दोन निलय दिसतील, मधे जाड भिंत, आणि डाव्याची भिंत उजव्याहून कितीतरी जाड, कारण डाव्याला सगळ्या शरीरात रक्त ढकलायचं असतं आणि उजव्याला फक्त शेजारच्या फुफ्फुसात. शेजारी बेडकाच्या हृदयाची आकृती ठेवून मग वहीत दोन्ही छेद काढावेत.